पहिला नंबर

परवा संध्याकाळी गुरुमंदिरावरून घरी येतो तो काय, आमच्या कन्येने बॅडमिंटनची रॅकेट कपाटावर फेकून दिलेली! गेल्या वर्षी ती जिल्ह्यात पहिली आली, तेव्हा निम्म्या कारंजाला मी पेढे वाटले होते.

"बाबा, यंदा मी उतरणार नाही. मागच्या वर्षी हरण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं," ती म्हणाली.

मी लगेच प्राध्यापकी थाटात नंदू नाटेकरांचा दाखला काढला. सांगलीचा हा मुलगा आधी टेनिस खेळे. रामनाथन कृष्णनकडून हरला, बॅडमिंटनकडे वळला आणि १९५६ साली क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा जिंकून आला.

"ते हरले म्हणून वळले. मी तर जिंकलेय!"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. टेनिसमधले गुण बावन्न आठवडेच टिकतात. गेल्या वर्षीची स्पर्धा जिंकणाऱ्याला जागच्या जागी राहण्यासाठीच ती पुन्हा जिंकावी लागते. मधल्या फेरीत हरला तरी तो खाली घसरतो. ॲश्ले बार्टीने २०२२ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली आणि मार्चमध्ये, पंचविसाव्या वर्षी, जगात पहिली असतानाच खेळ सोडला. बोर्गनेही सव्विसाव्या वर्षीच निरोप घेतला होता. ही माणसे काय थकली असतील! पण बार्टीची गोष्ट मी मुलीला सांगितली नाही. का, ते विचारू नका.

सकाळी मिठाईवाल्याने हटकलेच, "सर, यंदा पेढे कधी?"

मी स्कूटरचा वेग वाढवला.