पहिला कागद

नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई सहसा थेट वकिलाकडे येत नाही. ती आधी अंगणवाडीच्या ताईकडे जाते, बचतगटातल्या एखाद्या खमक्या बाईकडे जाते, नाहीतर पोलीस ठाण्याच्या आवारातल्या समुपदेशन केंद्रात. माझ्याकडे प्रकरण पोचतं तेव्हा सोबत एक फाईल असते आणि तिच्यातला पहिला कागद कार्यकर्तीच्या हातचा असतो. पुढची काही वर्षं आम्ही कोर्टात त्या कागदाच्या जोरावर उभे असतो, किंवा त्याच्याशीच झगडत असतो.

कार्यकर्त्यांच्या कायदा-प्रशिक्षणात बोलायला मी अधूनमधून जाते. तिथे बहुतेक वेळा फळ्यावर कलमं उतरतात. 1 जुलै 2024 पासून नव्या फौजदारी कायद्यांत पोटगीच्या कलम 125 चं 144 झालं, सासरच्या छळाच्या 498-अ चं 85 झालं. वह्या भरतात, चहा होतो, प्रमाणपत्रं वाटली जातात. ताई मात्र अजून ‘एकशे पंचवीस’च म्हणतात, आणि खरं सांगायचं तर आम्ही वकीलही. त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते एखाद्या वाक्याने.

समेटाची बैठक फिसकटते आणि वहीत नोंद होते : ‘उभयता राजीखुशीने विभक्त राहत आहेत.’ लिहिणारीचा हेतू चांगलाच असतो. तंटा वाढला नाही, एवढंच तिला म्हणायचं असतं. पण नवरा-बायको परस्परसंमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी मिळत नाही, असं पोटगीच्या कलमातच आहे. बाईला खरं म्हणजे रात्री मुलासकट उंबऱ्याबाहेर काढलेलं असतं. त्यात कसली आलीय राजीखुशी? पुढे पोटगीचा अर्ज होतो, समोरचा वकील ती नोंद शांतपणे कोर्टापुढे ठेवतो, आणि खाली बाईची सही असते. स्टँपपेपरवरची सोडचिठ्ठी याच जातीची. तशी रूढी सिद्ध झाल्याखेरीज नोटरीच्या शिक्क्याने हिंदू विवाह मोडत नाही. लग्न कायम राहतं आणि ‘पोटगीचा हक्क सोडला’ ही ओळ बाईला छळत राहते.

म्हणून मी हल्ली कलमं शेवटी ठेवते. आधी लिहिणं. कोण काय बोललं ते तिच्याच शब्दांत लिहा. मारलं कधी, कशाने, पाहिलं कुणी? आज रात्री ती झोपणार कुठे? दागिने कुणाकडे आहेत? नवऱ्याचा पगार कुठल्या बँकेत जमा होतो? हा शेवटचा प्रश्न कार्यकर्त्यांना आगाऊपणाचा वाटतो, आणि नेमका तोच लाखमोलाचा ठरतो. नागपूर खंडपीठातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं ठरवून दिलं. नवऱ्याने त्यात काय लपवलं हे दाखवायला बाईपाशी काहीतरी धागा लागतो.

त्याच निकालाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायला सांगितलं. म्हणजे ‘अजून एकदा समजावून बघू’ म्हणत आपण जे महिने घालवतो, ते बाईच्या पोटगीतून वजा होतात. समेटाला माझा विरोध नाही. कित्येक बायकांना नांदायलाच जायचं असतं. पण अर्ज दाखल करूनही समेट करता येतो, हे कुणी सांगत नाही. थकलेल्या पोटगीचंही तसंच. रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही.

आणखी एक गोष्ट, ऐकायला कडू. वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण आहे. कार्यकर्तीशी झालेल्या बोलण्याला नाही. तिची वही कोर्ट मागवू शकतं. तेव्हा ‘हे आपल्या दोघींतच राहील’ असं वचन देऊ नये.

मुंबईत 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था आणि पोलिसांनी मिळून महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेव्हा समाजकार्यकर्ती पोलिसांच्या शेजारी येऊन बसली. वकील मात्र तिच्या शेजारी अजून बसलेला नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बाईला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, पण तो बहुधा खटल्याच्या वेळी. त्याआधी, बाई समोर रडत असताना आणि नवरा फोनवरून ‘पोरगं पळवल्याची केस करतो’ म्हणून धमकावत असताना, ताईने विचारायचं कुणाला? दोन दिवसांचं शिबिर तेव्हा उपयोगी पडत नाही. फोन उचलणारं माणूस लागतं.

तालुक्याच्या कोर्टात काम करणाऱ्या वकील मित्र-मैत्रिणींनो, आपल्या भागातल्या एखाद्या केंद्राला तुमचा नंबर देऊन ठेवा. आठवड्यातली एक संध्याकाळ त्या ताईंचे फोन घ्या, आणि बाईची सही होण्याआधी कागद एकदा वाचून दाखवायला सांगा.