हिरवी झेंडी

फाटकाला सायकल टेकल्याचा आवाज झाला, की आम्ही दोघे भाऊ समजायचो: कॉल आला. कॉल बॉय वही पुढे करायचा, बाबा सही करायचे, आई कणीक मळायला घ्यायची. बाबा मालगाडीचे गार्ड. आमल्याला किंवा बल्लारशाला जायचं, तिथल्या रनिंग रूममध्ये पाठ टेकायची आणि उलटी गाडी मिळेल तेव्हा घर. दिवाळी असो की दहावीचा पेपर, वहीला त्याचं काही नसे.

नागपुरात 1867 मध्ये आगगाडी आली. तेव्हापासून रुळांच्या वेळेवर जगणारी कितीतरी घरं इथे नांदली. अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधलं आमचं घर त्यांपैकीच एक. बाबा घरी असले तरी बहुतेक झोपेत. मे महिन्याच्या दुपारी, कूलरच्या घरघरीत, दादा ओठांवर बोट ठेवायचा, "बाबा झोपून राहिले, हळू बोल." तो पंधराचा, मी तेराचा. सायकलची चेन बसवणं, रेशनच्या रांगेत उभं राहणं, मारामारीत मळलेला माझा शर्ट आईच्या नकळत धुणं, सगळं त्यानंच केलं. त्याला हे कोण शिकवत होतं, असा प्रश्न मला कधी पडला नाही.

बाबांच्या लोखंडी पेटीवर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव होतं. आत लाल-हिरव्या झेंड्या, हातबत्ती, धोक्याच्या इशाऱ्याचे फटाके. आणि हंगामात त्यांतच काटोल-नरखेडची संत्री. पेटी उघडली की तेलकट लोखंडाला संत्र्याचा वास यायचा. आमच्यासाठी तोच बाबांचा वास.

गार्डचा डबा सगळ्यात शेवटी. 2022 पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण काम तेच. स्टेशन ओलांडताना हिरवी झेंडी दाखवायची, म्हणजे सगळं ठीक. बाबांची गाडी वर्ध्याकडे निघाली की आम्ही कुंपणाशी उभे राहून आईच्या जुन्या लुगड्याचा हिरवा तुकडा हलवायचो. लाल काही हातात धरायचं नाही, ही त्यांची ताकीद. डब्याच्या दारातून त्यांची झेंडी हलायची. गणितात नापास झाला त्या दिवशीही दादानं हिरवंच दाखवलं.

एकदा मी तापानं फणफणलो होतो. दादा एकटाच गेला. तिसऱ्या दिवशी पहाटे बाबा आले. बूट काढायच्या आधी त्यांनी विचारलं, "परवा कुंपणाशी एकच पोरगा होता. लहान्याला काय झालं?"

शेवटच्या डब्यातला माणूस मागे पाहत पाहत दूर जातो, हे मला तेव्हा कळलं. वळण येईपर्यंत ते आमच्याकडेच बघत असायचे. आम्ही मात्र त्याआधीच पाठ फिरवून खेळायला पळालेलो असायचो.