सोडलेला मासा जगतोच असे नाही

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. गेल्या जुलैत त्याच्याकडे गेलो होतो. हा मुलूख बर्फाचा म्हणून ऐकलेला, पण त्या आठवड्यात पारा ३३ अंशांवर होता. भावाचे शेजारी, एक म्हातारे शेतकरी, आम्हांला आपल्या होडीतून मिल लॅक्स सरोवरात मासे धरायला घेऊन गेले. सरोवराचा पसारा १ लाख ३२ हजार एकरांचा. खोली मात्र जास्तीत जास्त ४२ फूट, आपल्या एखाद्या विहिरीएवढी!

तिथला मानाचा मासा म्हणजे वॉलआय. १९६५ पासून तो राज्यमत्स्य आहे. रात्री विजेरीच्या झोतात बैलाचे डोळे चमकतात, तसे याचे डोळे चमकतात. अंधुक उजेडात त्याला चांगले दिसते. म्हणून उन्हाळ्यात दिवसभर तो खोल पाण्यात राहतो आणि दिवस कलला की खडकाळ, उथळ भागात भक्ष्य शोधायला येतो. तिकडे जुलैत सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. त्याआधी तासभर आम्ही गळ टाकले. गळाला आमिष कसले, तर जळू! भातखाचरात पायाला चिकटली की आपण उपटून फेकतो ती जळू तिथे दुकानात पैसे मोजून घ्यावी लागते.

थोड्याच वेळात मासा लागला, पण तो नियमाच्या मापापेक्षा लहान निघाला. म्हाताऱ्यांनी हलकेच गळ काढून त्याला पाण्यात सोडले. मासा दोन हात पुढे गेला आणि पोट वर करून तरंगू लागला.

पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि माशाची गरज मात्र वाढते. त्यात गळाशी झुंजून तो थकलेला. २०१७ साली या सरोवरात धरलेला प्रत्येक वॉलआय सोडून द्यावा, असा नियम होता. तरी सोडलेले मासे गरम पाण्यात मरतात, म्हणून सरकारने जुलैत तीन आठवडे वॉलआयची मासेमारीच बंद ठेवली.

म्हाताऱ्यांनी गळ गुंडाळला. “आज एवढे पुरे,” म्हणाले. आम्ही रिकाम्या हातांनी परतलो.

मला गावची नदी आठवली. वैशाखात धार आटते आणि उरलेसुरले मासे एखाद्या डोहात गोळा होतात. तेव्हा मासे धरणे सोपे, म्हणून आपण डोह उपसून पिल्लेसुद्धा नेतो. मृगानंतर नदीत पुन्हा मासळी दिसायची, तर ती याच डोहातून यायची असते. बियाण्याची कणगी कोणी शेतकरी रिकामी करतो का?