गडवाटेवरचे पाणी : रतनवाडी ते हरिश्चंद्रगड (लेखांक दुसरा)

शनिवार, मुक्काम रतनवाडी

भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून सायंकाळी रतनवाडीस पोहोचलो आणि अमृतेश्वराचे दर्शन झाल्यावर शेजारच्या पुष्करणीच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसलो. अशा पायऱ्या उतरून, पाण्यात पाय बुडवून घागर भरण्याचा शिरस्ता आपल्या मुलखात शतकानुशतके चालत आला आणि त्याच पायऱ्यांनी नारूनेही गावेच्या गावे पंगू केली. कारण रोग्याच्या पायावरील फोडातून या कृमीची पिले पाण्यात उतरत, सायक्लॉप नावाच्या सूक्ष्म जलजीवाच्या पोटात वाढत, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या देहात शिरून वर्षभराने हातभर लांबीचा कृमी कातडी फोडून बाहेर येई. हा सायक्लॉप साध्या दाट विणीच्या फडक्यातही अडकतो. फडक्याने पाणी गाळण्याची घरोघर दिलेली शिकवण, पायऱ्यांच्या विहिरींचा केलेला बंदोबस्त आणि हातपंप यांच्या बळावर २००० साली भारत नारूमुक्त ठरला. हा आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील एक थोर विजय असून त्याचे पुरेसे स्मरण आपण ठेवलेले नाही, याचे मला वैषम्य वाटते.

माझ्या पाठपिशवीतील फिल्टर हा त्या फडक्याचाच वंशज होय. वीतभरही नसलेल्या नळीत पोकळ तंतूंचा जुडगा बसविलेला असून तंतूंच्या भिंतीतील छिद्रे अवघी ०.१ मायक्रॉनची आहेत. मूत्रपिंड निकामी झालेल्या रोग्याचे रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रात जे तंतू असतात, ते याच जातीचे. पटकीचा जंतू, विषमज्वराचा जंतू, आतड्यांत ठाण मांडणाऱ्या जिआर्डियाची पुटी, यांपैकी कोणालाही त्या छिद्रातून वाट मिळत नाही.

रविवार, रतनगड

शिड्या चढून गडावर आलो. कातळात खोदलेल्या टाक्यांतील पाणी थंड होते, पण तळाशी पालापाचोळा व गाळ साचलेला. म्हणून ते आधी दुहेरी फडक्यातून पिशवीत ओतले, घटकाभर निवळू दिले आणि मगच फिल्टरमधून दाबून बाटलीत उतरविले. हा क्रम चुकविणाऱ्याच्या फिल्टरची धार दोन दिवसांत मंदावते व पिचकारीने उलट दिशेस स्वच्छ पाणी सोडून ती वारंवार मोकळी करावी लागते. हिमालयात जाणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावयाची ती अशी, की ओला फिल्टर रात्री अंथरुणात उराशी घेऊन निजावे. आतील पाणी गोठले म्हणजे तंतू तडकतात आणि बाहेरून त्याची काहीही खूण दिसत नाही.

रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, एका झऱ्यावर विसंबू नये, तोफांच्या हादऱ्याने झरा आटला तरी शिबंदीस पुरावे इतके पाणी टाक्यांत राखून ठेवावे आणि ते फार जतन करावे, अशी ताकीद दिली आहे. टाक्यांच्या काठी बसले असता त्या ताकिदीतील दूरदृष्टी जशी उमजते, तशी दफ्तरात बसून उमजणार नाही.

सोमवार, कुमशेत

कात्राबाईची खिंड ओलांडून दुपारी मुळेच्या खोऱ्यात उतरलो. फेब्रुवारीतच पात्र आखडले होते. मी डोहाकडे वळलेला पाहून हंडा घेऊन आलेल्या एका वृद्ध बाईंनी हटकले, "दादा, तिथं जनावरं बसत्यात. या झिऱ्यातलं घ्या." काठच्या वाळूत हातभर उकरलेल्या त्या खळग्यात पाणी संथपणे पाझरत होते आणि मावशी ते वाटीवाटीने हंड्यात भरीत होत्या. १८९२ साली हॅम्बुर्ग शहर एल्ब नदीचे पाणी न गाळता पीत होते व तेथे पटकीने ८,००० हून अधिक माणसे मेली. लागूनच असलेले आल्टोना त्याच नदीचे पाणी वाळूच्या थरांतून गाळून पीत असल्याने बव्हंशी बचावले. तेच वाळूचे सामर्थ्य मावशींच्या झिऱ्यात, मोजमापाविना का होईना, काम करीत आहे. तथापि माझ्याजवळ फिल्टर आहे नि त्यांच्याजवळ नाही, आणि वैशाखात हा झिराही खोल जाणार आहे, हा विचार पुढची सारी चाल माझी पाठ सोडीना.

मंगळवार, हरिश्चंद्रगड

पाचनईच्या वाटेने वर आलो. सुटीच्या रात्री कोकणकड्याच्या पठारावर तंबूंची दाटी होते; शौचाची तजवीज मात्र ज्याने त्याने आडोसा पाहून केलेली असते, आणि पाऊस ती सारी घाण ओढ्यांत आणून सोडतो. येथे नळीतल्या गाळणीची मर्यादा ध्यानी घेतलीच पाहिजे. १८८४ मध्ये पाश्चरच्या प्रयोगशाळेत शांबरलांने चिनी मातीचा फिल्टर सिद्ध केला, तेव्हा जंतूंचा प्रश्न मिटला असे वाटले. परंतु १८९२ मध्ये इवानोव्स्कीने रोगट तंबाखूच्या पानांचा रस त्यातून गाळला, तरी त्या रसाने निरोगी झाडांस रोग जडलाच. फिल्टरला न जुमानणाऱ्या त्या कारणाच्या शोधातूनच विषाणूंचे शास्त्र उदयास आले. काविळीचा अ-विषाणू सुमारे ०.०३ मायक्रॉनचा, माझ्या फिल्टरची छिद्रे त्याला राजमार्गासारखी आहेत. म्हणून निर्मनुष्य कातळावरच्या टाक्याला जो फिल्टर पुरतो, तो माणसांनी गजबजलेल्या गडाला पुरत नाही. विकत घेतेवेळी छिद्राचा आकार पाहणारे पुष्कळ भेटतात. पाणी भरतेवेळी वरच्या अंगाला कोण राहते, याची रुजुवात करणारे थोडे.

मंदिरालगतच्या गुहेतील टाक्याचे पाणी आम्ही गाळले आणि मग चांगले खळखळून मिनिटभर उकळले. तंबू पाण्यापासून साठ-सत्तर मीटर दूर लावला, शौचासाठी तितक्याच अंतरावर वीतभर खड्डा खणला, भांडी टाक्यात न बुडविता बाजूस नेऊन घासली. शेजारच्या तंबूतील तरुण मुले टाक्यात हात धुवावयास निघाली होती, त्यांना थांबवून कारण सांगितले. ती निमूटपणे मागे फिरली, एवढेच नव्हे तर पुढच्या तुकडीला त्यांनीच अडविले.

उद्या तोलार खिंडीने खिरेश्वरास उतरावयाचे आहे. वाटेत पाण्याचा भरवसा नाही, म्हणून गाळलेल्या पाण्याच्या दोन्ही बाटल्या रात्रीच भरून त्यांत क्लोरीनच्या गोळ्या टाकून ठेवल्या आहेत. पुढील मजकूर खिरेश्वराहून.