हिरव्या ओळी

परवा ऑफिसातल्या एका नवीन मुलाने विचारलं, "सर, बापीने टास्क तयार केले, एरर एकही नाही, पण नोटिफिकेशन उघडलं की दिसतच नाहीत. सॅपमध्ये बग आहे का?"

मी हसलो. त्याला वाटलं त्याच्यावर हसतोय. खरं तर मला २००७ सालची दिवाळी आठवली होती. आता शनिवार आहे, चहा झालाय, तर लिहूनच टाकतो.

ज्यांचा सॅपशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कारखान्यात मशीनची काही तक्रार असली किंवा तपासणी करायची असली की सॅपमध्ये 'नोटिफिकेशन' तयार करतात. त्याच्या पोटात 'टास्क' असतात: रोप तपासा, व्हॉल्व्ह काढून बघा, ग्रीस भरा. जर्मन भाषेत या टास्कला 'मासनामं' म्हणतात, म्हणजे उपाययोजना. त्यातलाच 'एम' घेऊन ज्या टेबलात हे टास्क साठवतात त्याचं नाव पडलं क्यूएमएसएम. मला तो शब्द टास्कपेक्षा जास्त आवडतो. टास्क म्हटलं की यादीतली ओळ वाटते, उपाय म्हटलं की पुढे काहीतरी बिघडलेलं दिसतं.

तर झालं असं की पुण्याजवळच्या एका कारखान्यात आम्ही सॅप बसवलं होतं. दिवाळीत कारखाना आठवडाभर बंद, म्हणजे मेंटेनन्सवाल्यांची खरी दिवाळी. ३८ नोटिफिकेशन आधीच तयार होती आणि त्यांच्याखाली एक्सेलमधले २१४ टास्क टाकायचे होते. हाताने टाकायचे तर आयडब्ल्यू२२ मध्ये बसून दोन दिवस जातील. म्हणून मी प्रोग्राम लिहिला. सॅपमध्ये यासाठी तयार फंक्शन आहे, बापी_एएलएम_नोटिफ_डेटा_अ‍ॅड. नोटिफिकेशनचा नंबर द्यायचा (बारा अक्षरी, पुढची शून्यं भरून, नाहीतर ते ओळखत नाही), टास्कचं टेबल द्यायचं, कोड ग्रुप आणि कोड द्यायचे. मग दुसरं फंक्शन, बापी_एएलएम_नोटिफ_सेव्ह. 'रिटर्न' नावाच्या टेबलात निरोप येतात. त्यात 'ई' किंवा 'ए' प्रकारचा निरोप नसेल तर मी स्क्रीनवर हिरवी ओळ छापायचो: टास्क तयार झाला.

इथेच गोम होती. नाव 'सेव्ह' असलं तरी हे फंक्शन डेटाबेसमध्ये कायमचं काही लिहीत नाही. ते फक्त तयारी करून ठेवतं. खरं लिहिणं होतं कमिट केल्यावर, म्हणजे बापी_ट्रान्झॅक्शन_कमिट हाक मारल्यावर. बँकेत स्लिप भरली, कारकुनाने बघून "बरोबर आहे" म्हटलं आणि आपण पैसे न भरताच घरी आलो, तशी गत. हे मुद्दाम तसं केलंय आणि ते बरोबरही आहे. हाक मारणाऱ्याला चार कामं एकत्र करायची असतील तर सगळी व्हावीत नाहीतर एकही होऊ नये, हा निर्णय त्याच्याच हातात राहतो.

मला हे माहीत नव्हतं का? होतं की! पण माझ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक ओळीनंतर एका लॉग टेबलात नोंद व्हायची आणि त्या लॉगच्या रूटीनच्या शेवटी कमिट वर्क होतं. त्या एका कमिटने टास्कही लिहिले जायचे. चाचणीत सगळं झकास! मी मनातल्या मनात धरून चाललो की कमिट आहे. कुठे आहे ते बघितलंच नाही.

प्रत्यक्ष लोड करायच्या संध्याकाळी मला सांगलीची एसटी पकडायची होती. प्रोग्राम लवकर संपावा म्हणून मी 'लॉग लिहा' या चौकटीतली खूण काढली. भराभर २१४ हिरव्या ओळी आल्या. प्रिंट काढला, मेल टाकला, निघालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्वारगेटला उभा होतो (रात्रीची गाडी चुकलीच होती) आणि फोन वाजला. मेंटेनन्सचे सुपरवायझर. रिटायरमेंटला आलेले, सगळे त्यांना काकाच म्हणायचे.

"साहेब, नोटिफिकेशन उघडतंय, पण टास्कचा टॅब कोरा आहे."

"काका, नंबर चुकला असेल. परत टाकून बघा."

"पाच नंबर टाकले. पाचही कोरे."

"मग तुम्हाला ऑथरायझेशन नसेल. माझ्याकडे २१४ ओळींचा प्रिंट आहे हो!"

माझा आवाज चढला होता. काका क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "असेल. ठेकेदाराची माणसं गेटवर उभी आहेत, मी वहीवरून कामं वाटतो. तुम्ही निवांत बघा."

ती वही! दर शटडाउनला कुठल्या मशीनचं काय बघायचं, हे काका वर्षानुवर्षं एका लांबड्या वहीत लिहून ठेवायचे. आणि महिन्यापूर्वीच मी स्लाइड दाखवून, सगळ्यांसमोर, हसत हसत सांगितलं होतं की यापुढे वह्या बंद. काकाही हसले होते. वही मात्र त्यांनी टाकली नव्हती. टाकली असती तर ठेकेदाराच्या नव्या पोरांना क्रेनचा वायर रोप तपासायचाय हे सांगायला कागदावर काहीच नव्हतं. आणि त्या क्रेनखालून दिवाळीनंतर माणसं जाणार होती.

एसटी सोडली, कारखान्यात गेलो. चूक सापडायला वीस मिनिटं लागली, कारण एकदा लॉगची चौकट आठवली की बाकी काही शोधायचं नव्हतंच. सेव्हनंतर रिटर्न तपासून स्वतंत्र कमिट घातलं, 'वेट' ला 'एक्स' दिला, म्हणजे लिहून होईपर्यंत प्रोग्राम थांबेल. चूक असेल तर बापी_ट्रान्झॅक्शन_रोलबॅक. आणि हिरवी ओळ छापण्याआधी क्यूएमएसएम टेबलातून टास्क परत वाचून मोजायला लागलो.

आमच्या मॅनेजरने क्लायंटला लिहायच्या मेलचा मसुदा दिला होता, "सिस्टीममधील तांत्रिक अडचणीमुळे..." मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसलो. नोकरीला तीन वर्षं झाली होती, कन्फर्मेशन, ऑनसाइट वगैरे सगळं डोक्यात होतं. शेवटी ते वाक्य काढून "माझ्या प्रोग्राममधील चुकीमुळे" असं लिहिलं. मॅनेजर दोन दिवस बोलला नाही. ऑनसाइटचं पुढे काय झालं ते सोडा.

काकांकडे मात्र स्वतः गेलो. "तुमचं बरोबर होतं, चूक माझी होती. सकाळी उगाच बोललो."

ते क्रेनखाली उभे होते. "होतं असं," म्हणाले. "मग आता वही बंद करू का?"

"नको काका."

पुढे २०१५ साली एस/४ हाना आली, स्क्रीन बदलल्या, पण ही फंक्शन्स तिथेही आहेत आणि कमिटचं दुखणंही तेच आहे. त्या नवीन मुलाला मी कमिटची ओळ दाखवली. मग विचारलं, युजरने फोन केला तेव्हा तू काय म्हणालास?

तो जरा वरमला. "रिफ्रेश करा म्हणालो, सर."

असो. त्याला म्हटलं, आधी त्यांना फोन कर, कोड नंतर बघू.