शेवटच्या बाकावरचा पिचर

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांना क्रिकेटचे वेड असेल. सामन्याआधी संघाची यादी जाहीर झाली, की ‘पाचवा गोलंदाज कोण?’ असे तुम्ही एकमेकांना विचारता. मलाही दर वर्षी असाच एक प्रश्न पडतो. पण तो क्रिकेटचा नाही, बेसबॉलचा आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराचा डॉजर्स हा माझा आवडता संघ. फेब्रुवारी महिना आला, की हा संघ ॲरिझोना राज्यातील ग्लेन्डेल या गावी सरावासाठी जमू लागतो. खरे सामने मार्चच्या अखेरीस सुरू होतात. मधल्या दिवसांत मी एका कागदावर पिचरांची नावे लिहितो, पुसतो, पुन्हा लिहितो. मला एकच काळजी असते : हे हात वर्षभर पुरतील का?

तुम्ही म्हणाल, पिचर म्हणजे गोलंदाजच ना? होय, पण दोघांच्या कामात फरक आहे. गोलंदाज धावत येतो आणि सहा चेंडू टाकून विसावा घेतो. पिचर मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभा राहतो आणि जागेवरूनच पूर्ण ताकदीने चेंडू फेकतो. फलंदाजाचे ठाणे त्याच्यापासून साठ फूट सहा इंचांवर असते. त्याच्या संघावर चेंडू टाकण्याची पाळी असेपर्यंत प्रत्येक चेंडू त्यालाच टाकावा लागतो. सुरुवातीचा पिचर एका सामन्यात नव्वद-शंभर चेंडू टाकतो. मग त्याचा हात इतका थकतो, की पुढचे चार-पाच दिवस त्याला सामन्यात उतरवत नाहीत. म्हणून प्रत्येक संघ असे पाच-सहा पिचर पाळीपाळीने वापरतो. त्यांच्यानंतर येऊन सामना पुढे नेणारे आणखी सात-आठ जण बाकावर बसलेले असतात. एकदा बाहेर गेलेल्या पिचरला त्या सामन्यात पुन्हा बोलावता येत नाही.

आता थोडे गणित करा. एका हंगामात प्रत्येक संघाला 162 सामने खेळायचे असतात. खेळाडूंची यादी 26 जणांची आणि त्यांत पिचर जास्तीत जास्त तेरा. कधी कोणाचा खांदा दुखतो, कधी कोपर सुजते. मार्चमध्ये तेरा नावे भरलेली दिसतात. मे महिन्यात त्यांतील चार-पाच नावांपुढे ‘दुखापत’ असा शेरा पडलेला असतो.

2025 चा हंगाम मला चांगला आठवतो. त्या वर्षी हंगामापूर्वी आमच्या संघाकडे पाहून लोक म्हणत, की यांच्याकडे पिचर गरजेपेक्षा जास्तच आहेत. ब्लेक स्नेल नव्याने आला होता. टायलर ग्लासनाऊ होता. जपानहून आलेले योशिनोबू यामामोटो आणि रोकी सासाकी होते. शोहेई ओतानी तर पिचर आणि फलंदाज अशी दोन्ही कामे करणारा. मात्र 2023 मध्ये कोपरावर शस्त्रक्रिया झाल्यामुळे त्याचे चेंडू टाकणे थांबलेले होते. अशी यादी पाहून कोणाची छाती फुगणार नाही? पण मे महिना संपण्याआधीच स्नेल, ग्लासनाऊ आणि सासाकी हे तिघेही खांद्याच्या दुखण्याने बाहेर बसले. ओतानी जूनमध्ये पुन्हा चेंडू टाकू लागला, तोही हळूहळू, थोडा थोडा वेळ. जे नाव कोणी मोठ्या अक्षरांत लिहिले नव्हते, अशा पिचरांनी ते महिने निभावून नेले.

त्याच वर्षी अंतिम मालिकेत आमची गाठ कॅनडाच्या टोरोंटो ब्लू जेज या संघाशी पडली. तिसरा सामना 27 ऑक्टोबरच्या संध्याकाळी लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला. आपल्याकडे तेव्हा 28 तारखेची पहाट सरत आली होती. बेसबॉलचा सामना नऊ डावांचा असतो. बरोबरी झाली, तर निकाल लागेपर्यंत खेळ चालतो. तो सामना अठरा डाव चालला! सकाळचा चहा झाला, जेवणाची वेळ झाली, तरी सामना संपेना. आमचे एकामागून एक नऊ पिचर येऊन गेले. बाराव्या डावात अवघड प्रसंगी क्लेटन कर्शॉ आला आणि एका फलंदाजाला बाद करून त्याने संघाला वाचवले. अठरा वर्षे याच एका संघाकडून खेळलेला हा थोर पिचर त्या हंगामाअखेर निवृत्त झाला.

दहावा पिचर आला, तो विल क्लाइन. या मालिकेपूर्वीच्या फेऱ्यांत त्याला संघात जागाही मिळाली नव्हती. त्याच्यानंतर बाकावर कोणीच उरले नव्हते. दोन दिवसांपूर्वी संपूर्ण सामना टाकलेला यामामोटो निरुपायाने हात मोकळा करू लागला होता. क्लाइनने चार डावांत बहात्तर चेंडू टाकले आणि प्रतिपक्षाला एकही धाव दिली नाही. शेवटी फ्रेडी फ्रीमनने चेंडू कुंपणापलीकडे टोलवला आणि आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत फ्रीमनचे छायाचित्र येणे साहजिकच होते. पण मित्रांनो, तो क्षण येईपर्यंत सामना जिवंत कोणी ठेवला, याचा विचार तुम्हीच करा.

काही जण म्हणतात, ‘तुमच्या संघाकडे पैसा अमाप. पैशाने पिचर विकत घेता येतात, त्यात कौतुक ते काय?’ हा आक्षेप अगदीच खोटा नाही. मोठी नावे पैशानेच येतात. परंतु बाकावरचा शेवटचा माणूस बोलावणे येईपर्यंत तयार राहील, हे पैशाने साधत नाही. त्यासाठी त्याला महिनोन् महिने कोणी पाहत नसताना सराव करावा लागतो.

आता माझ्या काळजीचे खरे कारण सांगतो. पिचरांची मोजदाद करताना आपण त्यांना धान्याच्या पोत्यांसारखे मोजू लागतो : इतकी आहेत, इतकी उरतील. पण तो माणसाचा हात असतो. 1974 मध्ये याच डॉजर्स संघातील टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या कोपरातील स्नायुबंध तुटला. तोवर अशी दुखापत म्हणजे खेळाचा शेवट असे मानले जाई. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच उजव्या हातातील स्नायूची दोरी काढून डाव्या कोपरात बसवली. 1975 चे सारे वर्ष तो खेळू शकला नाही. 1976 मध्ये तो परतला आणि 1989 पर्यंत खेळत राहिला. आज या शस्त्रक्रियेला त्याचेच नाव आहे आणि असंख्य पिचरांनी ती करून घेतली आहे. उपाय सापडला ही आनंदाची गोष्ट. पण इतक्या जणांना त्याची गरज पडावी, ही चिंतेची गोष्ट नव्हे काय?

म्हणूनच मला संघात राखीव पिचर भरपूर हवे असतात. केवळ सामने जिंकण्यासाठी नव्हे. ज्याचा हात दुखतो आहे, त्याला ‘आज तू थांब’ असे प्रशिक्षकाला सांगता आले पाहिजे. दुसरा कोणी तयार असेल, तरच ते सांगता येते. त्याच अंतिम मालिकेत यामामोटोने सहाव्या सामन्यात 96 चेंडू टाकले आणि दुसऱ्याच दिवशी सातव्या सामन्यात पुन्हा येऊन आणखी 34 चेंडू टाकले. आम्ही विजेते ठरलो. मी टाळ्या वाजवल्या. पण प्रत्येक चेंडूगणिक माझी नजर त्याच्या खांद्याकडे जात होती.

राखीव पिचर तयार होतात ते पहिल्या संघाखालच्या अनेक पायऱ्यांवर. 2008 मध्ये उत्तर प्रदेशातील रिंकू सिंह आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने पिचर म्हणून करारबद्ध केले होते. ते त्या संघाच्या खालच्या पायऱ्यांवर खेळले. पहिल्या संघापर्यंत पोहोचले नाहीत. त्या पायऱ्यांवर असे शेकडो तरुण रोज चेंडू टाकत असतात. बहुतेकांना वरून बोलावणे कधीच येत नाही. ज्याला येते, त्याला ते कोणत्या दिवशी येईल, हे सांगता येत नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या शाळेच्या संघाची यादी फळ्यावर लागेल, तेव्हा ती पहिल्या नावापासून जरूर वाचा. पण तळाशी ‘राखीव’ म्हणून लिहिलेल्या नावांपर्यंत वाचा. आणि त्यांत तुमचे नाव असेल, तर उद्याच्या सरावाला वेळेवर जा.