तीन लिप्यांची खोली

बिदर शहराला लागून असलेल्या नौबादमध्ये, एका भुसार दुकानाच्या माडीवर, आम्ही चौघांनी भागीत भाड्याने घेतलेली एक खोली आहे. तिला पूर्वेकडे दोन खिडक्या आहेत, जांभ्याच्या जाड भिंती आहेत, आणि वैशाखात बाहेरचा रस्ता तापून लाल धूळ अंगावर येऊ लागली तरी जिना चढून आत पाऊल टाकताच घाम आपोआप सुकतो. ज्याला हल्ली ग्राफिक डिझाइन म्हणतात तो आमचा व्यवसाय. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, औषधांची वेष्टने, जत्रेची हस्तपत्रके, पुस्तकांची मुखपृष्ठे, जे येईल ते. प्रत्येकाची गिऱ्हाइके वेगळी, बयाणा वेगळा, जमाखर्चाची वही वेगळी. समाईक आहेत ती खोली, मधले लांबलचक मेज, एक प्रिंटर, विजेचे बिल आणि चहा.

चाचा उर्दूचे कातिब आहेत. साठी उलटली तरी कलम धरल्यावर त्यांच्या बोटांना कंप नाही. अण्णा कानडीचे काम पाहतात. ताई वयाने आम्हां सर्वांत लहान, पण चित्रे काढते ती एकटीच, म्हणून तिचा अधिकार मोठा, आणि आम्ही तिघेही तिला ताईच म्हणतो. मी मराठीचा; पूर्वी शाळेत चित्रकला शिकवीत असे, म्हणून खोलीत माझे नाव मास्तर. आम्ही एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतो, असे कोणी विचारले तर उत्तर देणे कठीण आहे. चाचांच्या दख्खनीत ‘नक्को’ हा आमचाच ‘नको’ नांदतो, अण्णांच्या मराठीत वाक्याचा शेवट कानडी हेलाने होतो, आणि माझ्या तोंडून ‘हौ’ केव्हा निघू लागले ते मला कळलेही नाही.

खोली घेतल्यावर पहिले काम निघाले ते स्वतःच्याच पाटीचे, आणि त्या एका पाटीने आमचे एकोणीस दिवस घेतले. पत्रा एक, नाव एक, लिप्या तीन. देवनागरी अक्षर शिरोरेखेला टांगलेले असते, तेव्हा तिचे माप वरून धरावे लागते. कानडी अक्षर गोल, पोटात हवा भरलेले, पण त्याच्याही माथ्यावर एक लहानशी खूण असते. अण्णांनी मला तिचे नाव सांगितले: तलेकट्टु. तले म्हणजे डोके, कट्टु म्हणजे बांधणे. आमची शिरोरेखा आणि त्यांचे तलेकट्टु या दोन शब्दांत एकच देह आहे, हे बिदर जिल्ह्यात जन्म काढून मला त्या दिवशी प्रथम उमगले. या दोघींना एका उंचीवर आणणे मग अवघड गेले नाही. खरी परीक्षा उर्दूची होती, कारण नस्तालीक वळण ओळीवर बसतच नाही. प्रत्येक शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे उतरत येतो, उतारावरून पाणी यावे तसा. चाचांनी बोरूच्या एकाच टोकाने चौकोनी नुक्ते एकाखाली एक मांडले, अलिफ किती नुक्त्यांचा, बेचा विस्तार किती नुक्त्यांचा हे मोजले, आणि मग माझ्याकडे वळून विचारले, “मास्तर, आपका काना कितने नुक्ते का?” मी देवनागरीचा काना नुक्त्याने कधी मोजला नव्हता. त्या दुपारी मोजला, आणि तेव्हापासून या खोलीत तिन्ही लिप्यांचे माप एकाच बोरूच्या टोकाने घेतले जाते.

या भूमीत तीन लिप्या एकत्र आल्या त्याला कारणे आहेत. हैदराबाद संस्थानाचे दफ्तर उर्दूत चाले. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याची वाटणी झाली: बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात, उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलखात, आणि पूर्वेकडची काही गावे आंध्राकडे. कागदावर रेघ ओढली गेली. पण सोयरिकी तशाच राहिल्या, आणि म्हणून लग्नपत्रिका दोन-तीन लिप्यांत छापण्याची गरजही तशीच राहिली. आमच्या खोलीचे अर्धे उत्पन्न त्या गरजेवर चालते.

परंतु मला लिहायचे आहे ते उत्पन्नाविषयी नव्हे, तर कामाच्या फटींतून उगवणाऱ्या छंदांविषयी, कारण ही खोली माझ्या मते त्यांच्यावरच जगते. ताई काड्यापेट्यांवरील छापे जमविते. वाघ, कमळ, किल्ली, घोडा, दोन बोटांएवढ्या जागेत दोन रंगांत छापलेले. एवढ्या लहान क्षेत्रात आकृती ओळखू यावी म्हणून काय काय वगळले आहे, हे ती भिंगातून तासन् तास पाहत बसते. अण्णा मालमोटारींच्या पाठी टिपतात. हमरस्त्यावर उभे राहून, गाडी पुढे जाईपर्यंतच्या क्षणात तिच्या फाळक्यावरचे गुलाब, गरुड, गाईचे डोळे आणि भडक छायेची अक्षरे छायाचित्रात पकडणे हा त्यांचा रविवार सकाळचा नेम आहे. चाचांचा छंद ऐकण्याचा आहे. बोरू तासताना त्याचा कागदावर होणारा आवाज ते ऐकतात, आणि टोक बरोबर कापले गेले की नाही ते डोळ्याने न पाहता सांगतात. मी प्रथम यावर विश्वास ठेवला नव्हता. एके दिवशी माझ्यासाठी त्यांनी दोन बोरू कापले, दोन्ही दिसायला सारखे, आणि डोळे मिटून मला दोन्हींनी रेघ ओढायला लावली. एक रेघ खरखरली, दुसरी रेशमासारखी सरकली. पाहिले तर पहिल्या टोकावर केसाएवढा तंतू उरला होता.

माझा छंद जुन्या लग्नपत्रिकांचा. त्याचे मूळ वडिलांच्या ट्रंकेत आहे, जिच्यात दिवाळी अंकांखाली घरातल्या सर्व कार्यांच्या पत्रिका दाबून ठेवलेल्या असत. त्या अंकांत दीनानाथ दलालांची ‘दीपावली’ होती. १९४५ पासून निघू लागलेल्या त्या वार्षिकाची मुखपृष्ठे पाहूनच, चित्र काढणे हे पोट भरण्याचे साधन होऊ शकते, ही कल्पना सीमेवरच्या या लहान गावातल्या मुलाच्या मनात रुजली. मडगावहून मुंबईस गेलेल्या त्या चित्रकाराने स्वतःचा स्टुडिओ काढला होता, एवढे मी तेव्हा ऐकून होतो. ‘स्टुडिओ’ या शब्दाला माझ्या कानात अजूनही त्या रंगांचा वास आहे.

महिन्यातून एकदा खोली बंद ठेवून आम्ही चौघे काहीतरी पाहायला निघतो. महमूद गावानचा मदरसा १४७२ चा. त्याच्या उरलेल्या मिनारावर झिलईच्या फरश्यांचे नागमोडी पट्टे अद्याप आहेत, आणि दर्शनी भिंतीच्या माथ्यावर निळ्या भूमीवर पांढऱ्या अक्षरांची पट्टी जेथे जेथे टिकून आहे तेथे चाचा मान मागे टाकून इतका वेळ उभे राहतात की आम्हांला त्यांची टोपी सांभाळावी लागते. अष्टूरच्या वाटेवरील खलीलुल्लांच्या चौखंडीवर शिराझच्या मुघीसने लिहिलेली ओळ दगडात उठविली आहे. ती लिहिणाऱ्याची की कोरणाऱ्याची थोरवी अधिक, यावर अण्णांचा आणि चाचांचा वाद दर वेळी नव्याने होतो. ताईचे मन मात्र किल्ल्यातील रंगीन महालात गुंतते. अली बरीदशाहाच्या काळी तेथे काळ्याभोर दगडात शिंपल्याचे तुकडे जडविले गेले. काळ्यावर पांढरे, अंधारावर चांदणे. तेथून बाहेर पडून जो कोणी गावातल्या बिदरी कारखान्यात जाईल त्याला दोन्ही कामांतले गोत्र सांगावे लागत नाही.

बिदरीचा कारखाना आमच्या खोलीचा पूर्वज आहे, असे मी मानतो. तेथेही एका छपराखाली हात वेगवेगळे असतात: कोणी ओततो, कोणी घासतो, कोणी आरेखितो, कोणी कोरतो, कोणी चांदी भरतो. जस्तात थोडे तांबे मिसळून वाळूच्या साच्यात सुरई ओतली जाते. ती कानशीने गुळगुळीत झाली की मोरचुदाच्या पाण्याने तिला तात्पुरती काळी करतात, एवढ्यासाठी की तिच्यावर ओढलेली रेघ दिसावी. मग नक्काश टोकदार सळई घेतो. त्याच्यापुढे नमुना नसतो, पेन्सिल नसते, खोडरबर नसतो. सुरई मांडीवर फिरत राहते आणि वेल तिच्या पोटावरून पुढे सरकत जाते, आणि ती जेथून निघाली तेथेच शेवटचे पान येऊन बरोबर मिळते. संगणकावर एक कळ दाबून रेघ मागे घेण्याची सवय लागलेले आम्ही लोक ते पाहताना श्वास रोखून धरतो. पुढे छिन्नीने चर पडतात, चरांत चांदीची तार ठोकली जाते, सारे पुन्हा घासले जाते, आणि या टप्प्यावर चांदी आणि जस्त दोन्ही राखी दिसून केलेले काम जवळजवळ नाहीसे होते. शेवटी किल्ल्यातल्या, ऊन आणि पाऊस न लागलेल्या जागेची माती येते. कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. नवसागराबरोबर त्या मातीचा लेप किंचित तापविलेल्या भांड्यावर चोळला की जस्त काळेठिक्कर पडते, चांदीला काहीही होत नाही, आणि वेल एकाएकी डोळ्यांपुढे उभी राहते. हे मी किती वेळा पाहिले असेल याची गणती नाही. तो क्षण मला कधी शिळा वाटलेला नाही. २००६ मध्ये या कलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०२३ मध्ये येथील शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. दोन्ही वार्तांना आमच्या खोलीत पेढे वाटावेत इतका आनंद होता.

आमच्या पाटीवरची खूणही नौबादनेच दिली. गावाखालून बहामनी काळातला करेझ जातो: जांभ्याच्या थराखालून खोदलेला भुयारी जलमार्ग, आणि त्यावर ठराविक अंतराने उघडणाऱ्या उभ्या विहिरी. वरून चालणाऱ्याला केवळ एकामागून एक तोंडे दिसतात. त्यांना जोडणारा प्रवाह जमिनीखाली असतो. ताईने एका संध्याकाळी सात वर्तुळे ओळीने काढली, त्यांखाली एक अखंड रेघ ओढली आणि कागद मेजावर ठेवला. कोणी काही बोलले नाही. अण्णांनी उठून रंग कालविला.

मागील वर्षी माझ्या हातून एक चूक घडली. वधू भालकीची, वर उदगीरचा. पत्रिका कानडीत आणि मराठीत, प्रती पाचशे. मुद्रिते मी दोनदा वाचली होती, तरी छापून आलेल्या गठ्ठ्यातील पहिलीच पत्रिका अण्णांनी उचलली आणि ती माझ्यापुढे धरून हळूच म्हणाले, “मास्तर, आमच्यात शी दीर्घ आहे.” कानडी बाजूस ‘आशीर्वाद’ होते, मराठी बाजूस मी ‘आशिर्वाद’ जाऊ दिले होते. एकच संस्कृत शब्द दोन लिप्यांत समोरासमोर उभा होता, आणि माझ्या भाषेतील दोष मला माझ्या शेजाऱ्याच्या भाषेने दाखविला. गिऱ्हाइकाच्या लक्षात आले नसते, असे म्हणणारा त्या खोलीत कोणी निघाला नाही. मी कागद पुन्हा आणला, रात्री छपाई झाली, आणि पहाटे तीनपर्यंत चौघांनी बसून पाचशे पत्रिका घडी घालून पाकिटांत भरल्या. चाचा हळद-कुंकवाची बोटे कोपऱ्यांवर लावीत होते, अगदी समान अंतरावर, नुक्ते मोजावे तशी.

माझ्या संग्रहातली सर्वांत जुनी पत्रिका शके १८६७ च्या वैशाखातली आहे. जाड पिवळसर कागद, वर गणपतीचा ठसा, मजकूर मराठी, आणि तळाशी मितीबरोबर १३५४ फसली हा निजामी अमलातला सन. छापणाऱ्याने देवनागरीचे खिळे अपुरे पडले म्हणून एके ठिकाणी ‘ळ’ ऐवजी ‘ल’ उलटा बसवून वेळ निभावली आहे. तो उलटा ‘ल’ पाहिला की त्या अनामिक जुळाऱ्याचे बोट मला दिसते. अशा पत्रिका बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, उदगीर, निलंगा या भागांतील जुन्या घरांच्या पेट्यांत अजून असतील. वाचकहो, घर आवरताना १९५६ पूर्वीची एखादी हाती लागली, तर ती रद्दीत देऊ नका. नौबादला आमच्या माडीवर घेऊन या. आम्ही तिची छायाप्रत काढून घेऊ आणि मूळ पत्रिका तुमची तुम्हांला परत देऊ.